बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने

भाच्याच्या बोरन्हाणाला स्वतः दागिने करणार म्हणतेस, छानच! पण एकदम कंबरपट्ट्याला हात घालू नकोस. मुकुट, बासरी, एक माळ आणि दोन बाजूबंद पुरेत. रांगत्या पोराच्या अंगावर याहून जास्त काही टिकत नाही.

हलवा घरीच करायचा हट्ट मात्र सोड. तिळावर थोडा थोडा पाक घालत मंद आचेवर हलवत बसायचं, आणि काटा नीट फुटायला दिवस जातात. बाजारातूनच आण, मोकळा, पांढराशुभ्र, एकसारख्या दाण्याचा बघून घे.

दाण्यातून सुई घालायला जाऊ नकोस, दाणा फुटतो. दोरा दुहेरी घे. दोन पदरांमध्ये दाणा धरायचा आणि त्याला अगदी खेटून गाठ मारायची. दोरा काट्यांच्या खाचेत बसला की दाणा हलत नाही. गाठ सैल राहिली, तर गळ्यात घालेपर्यंत माळ अर्धी रिकामी! मुकुटाला पुठ्ठा, वर सोनेरी कागद आणि दाट गोंद. पातळ गोंदात साखर विरघळते नि काटे बोथट होतात. घामट हातांनीही तेच होतं.

तयार दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, फ्रिजमध्ये नको. मुंग्यांचं तुला सांगायला नकोच.

बाळावर मात्र सतत लक्ष हवं, दाणा घशात अडकू शकतो. फोटो झाले की लगेच उतरव. गोंद लागलेला हलवा वाटू नकोस, खायचा वेगळा काढून ठेव. आणि संक्रांतीपर्यंत झाले नाहीत तर घाबरू नकोस, रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण चालतं.