आधी त्या बाईंना नमस्कार कर

पत्र : ताई, मी सांगलीची, वय 24. बालशिक्षणाची पदविका घेऊन वर्षभरासाठी टांझानियातील मोशी शहराजवळच्या एका बालवर्गात स्वयंसेवक शिक्षिका म्हणून आले, त्याला सात आठवडे झाले. चार-पाच वर्षांची 46 मुले आहेत. ती माझ्याकडे नुसती बघत राहतात, मी शिकवलेले इंग्रजी गाणे एकही मूल म्हणत नाही. वर्गाच्या मूळ शिक्षिका पन्नाशीच्या आहेत. पालकसभा ‘सा तातू’ला म्हणजे तीन वाजता, असे समजून मी दुपारी गेले, तर ती सकाळीच होऊन गेली होती. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतेच बोलतात. मी शाकाहारी असल्याने शाळेत जेवत नाही, खोलीवर बिस्किटे खाते. आई रोज रात्री फोनवर रडते आणि मी ‘सगळे छान आहे’ म्हणते. बाबा विचारतात, ‘आपल्या झेडपीच्या शाळांत मुले नव्हती का?’ मी परत येऊ का?

प्रिय मुली,

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझी नजर त्या पन्नाशीच्या शिक्षिकांच्या उल्लेखापाशी येऊन थांबली. मुले बोलत नाहीत म्हणून तू खचली आहेस हे मला कळते. परंतु तुझा जीव तिथे रमेल की नाही, हे माझ्या मते त्या बाईंशी तुझे कसे जुळते यावर ठरणार आहे, आणि पाहुणी तू असल्याने पहिले पाऊल तूच टाकायला हवे.

आधी त्या हुकलेल्या सभेविषयी. तिकडच्या स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपल्या घड्याळात सकाळचे सात वाजतात तेव्हा त्यांचा पहिला तास होतो, आणि नऊ वाजता तिसरा, म्हणजेच ‘सा तातू’. दिवस उजाडल्यापासून प्रहर मोजणाऱ्या आपल्या पणजीला ही रीत चटकन उमगली असती. तुझी चूक अजाणतेपणी झाली, पण बाईंच्या बाजूने जरा पाहा : पालक कामधंदा सोडून आले, नव्या शिक्षिकेची ओळख करून द्यायची असेल, आणि ती आलीच नाही. घोटाळा कशाने झाला हे तू त्यांना सांगितल्याचे पत्रात कुठेही नाही. उद्या सकाळीच सांग.

सांगण्याआधी मात्र त्यांना ‘शिकामो’ म्हण. मुले हा शब्द तुला रोज म्हणत असतील आणि तू हसून पुढे जात असशील. धाकट्याने वडीलधाऱ्याला करायचा हा नमस्कार आहे. ‘मी तुमचे पाय धरतो’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, आणि वडीलधाऱ्याने ‘मराहाबा’ म्हणून तो स्वीकारायचा असतो. तू ‘मराहाबा’ म्हटले नाहीस तर मुलांचा नमस्कार अधांतरी राहतो, आणि आईच्या वयाच्या बाईंना तू नुसते ‘हॅलो’ म्हणालीस, तर आपल्याकडे मोठ्यांच्या पाया न पडता थेट खुर्चीवर जाऊन बसणाऱ्या मुलीविषयी जे वाटते, तेच त्यांना तुझ्याविषयी वाटणार.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. तरुणपणी जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेवरील एका गावात मी वर्षभर बालवाडी घेतली. मी साताऱ्याची, मराठीशिवाय दुसरी भाषा न येणारी, आणि त्या गावात घरोघरी कन्नड. दिवाळीपर्यंत मुले माझ्याशी एक शब्द बोलली नाहीत. ती मंद आहेत असा समज मी करून घेतला होता, त्याचे मला आजही वाईट वाटते. वर्गात गावचीच एक मदतनीस होती, चौथी शिकलेली. तिला मी सतरंज्या अंथरण्यापुरतेच ठेवले होते. एके दिवशी एसटी चुकून मला उशीर झाला, आणि दारात पोहोचले तेव्हा तीच मुले तिच्याभोवती गाणी म्हणत होती, भांडत होती, खदखदून हसत होती. त्या दिवसापासून वर्ग मी तिच्या हाती दिला आणि मुलांमध्ये बसून तिचे ऐकू लागले. महिन्याभराने एका मुलीने माझा पदर ओढला आणि म्हणाली, ‘बाई, नीरु.’ तिला तहान लागली होती, आणि पाणी मागायला ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती.

नव्या भाषेत आलेले लहान मूल बोलण्यापूर्वी काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, नुसते ऐकत राहते. तुझ्या अभ्यासक्रमातही हे आले असेल. सात आठवड्यांच्या शांततेवरून तू स्वतःला नापास ठरवू नकोस. इंग्रजी गाणे काही दिवस बाजूला ठेव आणि बाईंकडून एक स्वाहिली गाणे शीक. मुलांसमोर ते चुकत-माकत म्हण आणि त्यांना तुझ्या चुका सुधारू दे. आपल्या शिक्षिकेला शिकवायला मिळाले की चार वर्षांच्या मुलाच्या तोंडाचे कुलूप किती लवकर उघडते, ते तू पाहशील. भाषाही तुला वाटते तेवढी परकी नाही. पुस्तकाला किताबू, लेखणीला कलामू, साबणाला साबुनी, रंगाला रांगी, दुकानाला दुका, आणि चपातीला तर चपातीच म्हणतात. अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थानच्या व्यापाऱ्यांची गलबते त्या किनाऱ्याला शतकानुशतके लागत आली, त्यांच्याबरोबर असे कितीतरी शब्द उतरले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात. त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, आणि आज गावोगावी रूढ असलेला अंगणवाडी हा शब्द तिथून आला. तुझ्या शाळेचे अंगण बाईंचे आहे. वर्ष संपल्यावर तू निघून येशील आणि ती मुले त्यांच्याच हाती राहतील, तेव्हा तुला येणारा एखादा खेळ किंवा गोष्ट सांगण्याची एखादी हातोटी त्यांना उपयोगी पडली, तर तेवढेच तिथे टिकणार आहे.

खोलीवरची बिस्किटे बंद कर. तिकडे मचिचा म्हणतात ती पालेभाजी आपल्या माठ-तांदुळजाच्या जातीची आहे, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि नाचणीची उजी तर आपली आंबीलच. घेवड्याची उसळही मिळेल. मांस खात नाही एवढे बाईंना आधी सांगितलेस की पुरे. पण रोज जेवणाच्या वेळी उठून जाणारी बाई मुलांनाही परकीच वाटत राहते.

आता आईविषयी. तू रात्री साडेआठला फोन करत असशील, तर तेव्हा सांगलीत अकरा वाजलेले असतात, दिवसभराने थकलेली आई त्या वेळी रडणारच. संध्याकाळी सहाला फोन कर, आणि ‘सगळे छान आहे’ हे वाक्य सोडून दे. मुलगी काहीतरी लपवते आहे हे आईला आवाजावरून कळते, आणि ती त्याहून वाईट काहीतरी मनात रंगवते. सभा कशी हुकली तेही तिला सांग. बाबांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर परतल्यावर एखाद्या झेडपीच्या शाळेत काम करून देता येईल, आज फोनवर वाद घालून ते मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नकोस. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस असतो. मच्छरदाणी रोज लाव, आणि ताप आला तर दगदगीचा किंवा घरच्या आठवणीचा आहे असे समजून अंगावर काढू नकोस. त्याच दिवशी हिवतापाची तपासणी करून घे.

परत यावे का? जूनच्या सुट्टीपर्यंत राहा आणि मग ठरव. एकटेपणाने झोप, भूक उडाली आणि बाईंशी बोलूनही काही बदलले नाही, तर त्याआधीही परत ये. त्यात कमीपणा नाही. मात्र केव्हाही निघालीस तरी मुलांना निदान पंधरा दिवस आधी सांग, फळ्यावर उरलेले दिवस काढ आणि रोज एक त्यांच्या हातून पुसून घे. कालपर्यंत वर्गात असलेली शिक्षिका आज अचानक दिसेनाशी झाली, तर आपलेच काही चुकले असे लहान मूल समजते.

बाईंनी शिकवलेले गाणे देवनागरीत उतरवून मला पाठव.

तुझी,
ताई