प्रश्न तुमचे : खाट घ्यावी की खोली?

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही चौघी सांगलीहून कासची फुलं बघायला जाणार आहोत. साताऱ्यात हॉस्टेलच्या डॉर्मिटरीत राहणं परवडेल का?

उत्तर : आधी गुणाकार करा. डॉर्मिटरी म्हणजे प्रवाशांच्या हॉस्टेलातली अनेक खाटांची सामायिक खोली; तिथे खाटेचा दर माणशी असतो. समजा, खाट ५०० रुपयांना मिळाली, तर चौघींचे २,००० झाले. तेवढ्यात साध्या लॉजवर दोन खोल्या मिळत असतील, तर डॉर्मिटरीत स्वस्ताई कसली? एकटी असेल तेव्हाच ती खरी परवडते. शिवाय सोबत मिळते, गाडीभाडं वाटून घेता येतं.

पावसाळ्यातली मोठी अडचण ओल्या कपड्यांची. आठ जणींच्या खोलीत एकच दोरी. रात्रभर पंखा लावूनही जीन्स सुकत नाही आणि बुटांचा वास सगळ्यांना. पटकन सुकणारी पॅन्ट, रद्दी कागद (बुटांत कोंबायला) आणि जादा मोजे न्या. सकाळी लवकर सगळ्यांनाच कास गाठायचं असतं, म्हणून किती खाटांमागे किती संडास-बाथरूम आहेत, हे फोनवर विचाराच. सहा खाटांमागे एक असेल तर ठीक.

लॉकर असला तरी कुलूप बहुधा आपलंच लागतं. जाड कडीचं घरचं कुलूप कोयंड्याच्या भोकात शिरत नाही. बारीक कडीचं घ्या. खाटा एकावर एक असतात, म्हणून खालची खाट आधीच मागून ठेवा, फाटक रात्री किती वाजता बंद होतं तेही विचारा. आधार कार्डासारखं सरकारी फोटो ओळखपत्र हवंच. काही हॉस्टेलं त्याच गावचा पत्ता असलेल्यांना घेत नाहीत; तुम्ही सांगलीच्या, त्यामुळे तो प्रश्न नाही.