पावसाळ्यात सकाळी पद्मिनी सुरू होत नाही, कार्बोरेटर बदलावा का?

आत्ता तरी कार्बोरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) हात लावू नका. तुम्हीच लिहिलंय, खानापुरात पावसाची झड लागली की सकाळी सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही, आणि दुपारी उघडीप पडली की पहिल्या सेल्फला चालू. मिस्त्रीनं इलेक्ट्रॉनिक इग्निशन सुचवलंय, हेही लिहिलंय. कार्बोरेटर ऊन बघून दुरुस्त होत नाही ओ! पद्मिनीसारखी जुनी फियाट अडली की आधी तोच खोलायची आपल्याकडच्या मिस्त्र्यांना भारी हौस. माझा संशय डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणारा भाग) कॅपवर, म्हणजे झाकणावर आहे, तिथं ओल धरतेय.

खात्री घरीच करता येते. इंडिकेटरच्या १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडा. एक टोक कॉइलवरून (बॅटरीच्या करंटचा दाब ठिणगीपुरता वाढवणारा भाग) डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाते त्या टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडझाप करतायत, कॉइलला करंट मिळतोय. पेटूनच राहिला तर पॉइंट टेकत नाहीत किंवा त्यांच्यावर घाण बसलीय. अजिबात पेटलाच नाही, तर कॉइलपर्यंत करंट येत नाही, नाहीतर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) शॉर्ट झालाय.

लुकलुकला म्हणजे पुढं बघायचं. कॉइलची जाड वायर कॅपच्या मधून उपसा, इन्सुलेशनवाल्या पकडीनं धरून टोक इंजिनपासून ५-६ मिमीवर ठेवा आणि सेल्फ मारा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. चटचट आवाज करत निळी ठिणगी पडली की कॉइल ठीक. पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर बदला, फार महाग नसतो.

ठिणगी निळीच आहे पण गाडी मुकी, तर कॅप काढून उजेडात धरा. आत पितळी टोकांच्या मधे पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का? करंट तिथूनच पळतो, ओल असली की जास्तच. ती पुसून कायमची जात नाही, कॅप नवीनच घ्यावी लागते. मधला कार्बनचा ठोकळा झिजलाय का, कॅपखाली फिरणाऱ्या रोटरला तडा आहे का, तेही बघा. प्लगच्या वायरी काढण्याआधी खुणा करून ठेवा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ आहे. रेघ दिसली नाही तर कॅप सुती फडक्यानं कोरडी करून बसवा आणि रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. वायरी फाटल्या असतील तर निळ्या ठिणग्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

पॉइंट एमरी पेपरनं घासू नका, त्याची कच रुतून बसते. बारीक कानसीनं साफ करा, मग लग्नपत्रिकेचा जाड कागद मधून ओढा. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी.

मिस्त्रीनं सुचवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन वाईट नाही, पण त्यानं फक्त पॉइंट आणि कंडेन्सर जातात. कॅप, रोटर, वायरी त्याच राहतात, म्हणजे तुमची पावसाळी अडचण जशीच्या तशी. आधी कॅपचा निकाल लावा. बेळगावात नाही मिळाली तर कोल्हापुरात विचारा, आणि जुनी सोबत न्या, सगळ्या कॅपा एकसारख्या नसतात. बल्ब लुकलुकला की नाही तेवढं इथं लिहा, मग पुढचं सांगतो.