माहिती आमची, मग प्रश्न कोणाचे?

प्रश्न: पुण्यात बावधनच्या आमच्या सोसायटीत एका संस्थेचे संशोधक बोअरची माहिती भरून घेऊन गेले. पुढे काहीच कळलं नाही. आता दुसरे येणार आहेत. सहकार्य करावं का?
– एक सेक्रेटरी

उत्तर: जरूर करा, पण फॉर्म भरण्याआधी त्यांना सोसायटीच्या बैठकीला बोलवा. उन्हाळ्यातले टँकर कमी कसे होतील, हा तुमचा प्रश्न त्यांच्या यादीत नसेल तर तो घालायला लावा.

पुण्याखाली बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाचे थर आहेत. पाणी साठतं ते भेगांत आणि कुजलेल्या, मुरमाड खडकात. म्हणून एक बोअर कोरडी जाते आणि शेजारचीला पाणी लागतं. खडकाचं भूवैज्ञानिक सांगतील. पण कोणती विहीर बुजवून पार्किंग केलं, कोणाचा पंप कधी हवा ओढू लागला, हे तुमच्या प्लंबरला आणि गावठाणातल्या आजोबांना ठाऊक असतं. त्यांना बैठकीत बसवाच. हा माझा आग्रह आहे.

अभ्यासकांनी लोकांसोबत मिळून केलेलं असं काम पुण्यात झालेलं आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांसोबत उभ्या राहिल्या, त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्या बायकांची संघटना झाली. या बायका पालिकेचा किती खर्च वाचवतात, त्याचा अभ्यासही पुढे आला. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला.

दोन अटी आधीच लिहून घ्या: पाणीपातळी दर महिन्याला तुमचेच सभासद मोजतील आणि सगळ्या नोंदींची मराठी प्रत सोसायटीच्या दप्तरी राहील.