पाण्यात पाचवा, सायकलवर एकटा

प्रश्न: ताई, मी मालवणचा, वय 21. बाबांची होडी आहे त्यामुळे चालायला लागल्यापासून समुद्रातच आहे. दोन वर्षं ट्रायथलॉन करतोय आणि यंदा पहिल्यांदा ड्राफ्ट-लीगल, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून सायकल चालवायला परवानगी असलेली, स्प्रिंट रेस केली, 750 मीटर पोहणं, 20 किमी सायकल, 5 किमी रन. पाण्यातून पाचवा बाहेर आलो, पण सायकलवर बसेपर्यंत पुढचा ग्रुप निघून गेला. मग एकट्याने जीव काढून मारली, मागून आठ-नऊ जणांचा घोळका आला तो पण धरता आला नाही, रनला पायात काही उरलंच नव्हतं. त्यात आणि पोहण्याचा गॉगल सामानाच्या बॉक्सच्या बाहेर पडला म्हणून 10 सेकंदांची पेनल्टी. मला एलिटमध्येच पुढे जायचंय. ओळखीचे लोक म्हणतात लोन काढ, टीटी बाईक (एकट्याने वेगात चालवायची खास सायकल) घे आणि गोव्याची 70.3, म्हणजे लांब अंतराची हाफ आयर्नमॅन, कर, नाव होईल. आई म्हणते नोकरी बघ. काय करू?
– एक वाचक, मालवण

उत्तर: आधी लोनचं. अजिबात काढू नकोस. ड्राफ्ट-लीगल रेसला टीटी बाईक चालतच नाही, खाली वळलेल्या हँडलची साधी रोड बाईकच लागते, म्हणजे तुझ्याकडे आहे तीच. गोव्याची 70.3 छान रेस आहे, 2019 पासून होतेय, पण तिथे पुढच्याच्या मागे चिकटून सायकल चालवलीस तर पेनल्टी बसते आणि तुला जे करायचंय त्यात चिकटता आलं नाही तर रेस गेली. त्यामुळे तिथली तयारी इथे फार कामाला येणार नाही.

आता तुझी रेस. सायकल कमी पडली असं तुला वाटतंय, मला तसं वाटत नाही. 40 च्या स्पीडने जाणारा ग्रुप 10 सेकंदांत 110 मीटर पुढे जातो. त्यात चौघं आळीपाळीने वारा घेतात, मागे चिकटलेल्याची पाव ताकद तरी वाचते, मग तू त्यांच्याएवढाच स्ट्राँग असलास तरी एकट्याने ते 110 मीटर कसे भरून काढणार? पाण्यातून वर आल्यापासून सायकलचा पहिला किलोमीटर संपेपर्यंत, त्या दोन-तीन मिनिटांत तुझी रेस गेली बघ.

आणि दुसरी चूक, ही जास्त महाग पडली. पुढचे गेले आणि मागून आठ-नऊ जण येतायत हे कळल्यावर एकट्याने मारत राहायचं नसतं. जरा दमात घ्यायचं, पाणी प्यायचं, मागे बघत राहायचं आणि ते बाजूला यायच्या आधीच स्पीड वाढवून मधे घुसायचं, सगळ्यात शेवटी नाही, कारण यू-टर्नला शेवटच्याला दरवेळी उठून स्प्रिंट मारावी लागते आणि तिथेच तो सुटतो. तू दमलेला होतास म्हणून ते तुझ्या बाजूने निघून गेले. त्यांच्यात बसला असतास तर रनला पाय शिल्लक असते.

हे ग्रुपमध्ये चालवणं सागरी महामार्गावर एकट्याने शंभर किमी मारून येत नाही, कोकणातल्या पोरांची हीच खरी अडचण आहे आणि मला तिचं फार वाईट वाटतं, कारण समुद्रात तुमच्याएवढं बिनधास्त कोणी नसतं. पंधरा दिवसांतून एकदा सायकल एसटीवर टाकून कोल्हापूरला जा, तिथे सकाळी ग्रुपने चालवणारे भरपूर आहेत. आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बाबांची होडी वर असते, तुलाही त्या दिवसांत समुद्रात जाता येत नाही, तर ते दोन महिने घाटावरच राहा, ग्रुपची सायकल आणि तलावात टायमिंगचं पोहणं.

बाकीचे दिवस घरचा समुद्र आहेच. पण लांब पोहणं कमी कर. भांगाच्या भरतीला पाणी शांत असतं तेव्हा बाबांना सांगून किनाऱ्यापासून 200 मीटरवर एक बोया टाक, दोन-तीन मित्र घे, सगळ्यांनी एकदम उडी मारून फुल स्पीडने बोयापर्यंत जायचं, धक्काबुक्कीत वळायचं, असं सहा वेळा. उधाणाला मात्र नको. आणि संध्याकाळी अंगणात ट्रान्झिशन, म्हणजे पोहून आल्यावर सायकलवर बसेपर्यंतची धावपळ: टोपी-गॉगल बॉक्समध्ये, हेल्मेटचा बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात नाही, शूज पेडललाच रबरबँडने अडकवलेले, पळत येऊन बसायचं. रोज वीस वेळा कर, कंटाळा आला तरी कर. ते 10 सेकंद फुकट गेलेत तुझे.

बाहेरच्या एशिया कप रेसला आपण स्वतः एंट्री करू शकत नाही, ती इंडियन ट्रायथलॉन फेडरेशनकडून जाते, म्हणून आधी नॅशनलला पुढच्या ग्रुपमध्ये दिसायला हवं. मग एशिया कपला चांगलं फिनिश झालं की पॉइंट्स, पॉइंट्सवरून रँकिंग, मग वर्ल्ड कपचा विचार. वेळ लागतो. बर्म्युडाच्या फ्लोरा डफीचं बघ, 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकला तिची रेस पूर्ण झाली नव्हती आणि टोकियोला, चौथ्या ऑलिम्पिकला, 33 व्या वर्षी गोल्ड. त्या अख्ख्या देशाची वस्ती आपल्या रत्नागिरी शहरापेक्षा कमी आहे.

आईचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. या खेळात सुरुवातीची वर्षं पैसा येत नाही, जातोच. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात आईला सोबत घेऊन जाऊन विचार. तिला समोर बसून ऐकू दे, तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा बरं.

पुढच्या रेसनंतर परत लिही. आणि या वेळी पाण्यातून कितवा आलास ते नको, पुढच्या माणसाच्या किती सेकंद मागे होतास ते लिही.