स्टीम रोलरची चाकं: पाइप की ओतीव?

तुम्ही एव्हलिंग अँड पोर्टर या जुन्या इंग्रज कंपनीच्या, रस्ता दाबणाऱ्या वाफेच्या रोलरचं 1:10 मॉडेल करताय. मागची चाकं 165 मिमी, पुढचा रोल 110. प्रश्न असा की धाव (चाकाचं बाहेरचं कडं) ओतून घ्यावी की पाइपातून कापावी, आणि पाइप लेथवर लावला की थरथरतो त्याचं काय.

पाइपच घ्या. सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास 168.3 मिमी असतो, चार इंचीचा 114.3. म्हणजे तुमची दोन्ही मापं सहज निघतात. शेड्यूल 40 (भिंतीच्या जाडीचा दर्जा) आणि सीमलेस, म्हणजे बिनसांध्याचा, मागा. वेल्डवाल्या पाइपात सांध्याची रेघ कडक लागते आणि टूल तिथे दर फेऱ्याला ठोकर खातं. भंगारातून उचलत असाल तर जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप नको. ब्रेझिंग (पितळेने सांधणं) करताना जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

थरथरीला उपाय सोपा आहे. आतून बोअर करताना (भोक कापून मोठं करताना) पाइपवर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळा. बाहेरून कापताना आत लाकडाची घट्ट चकती ठोका. साध्या एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने मिनिटाला 45-50 फेरे पुरे, त्यावर जाऊ नका.

आता खरी गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. धावेचा बाहेरचा शेवटचा कट आत्ता घ्यायचाच नाही. माझ्या पहिल्या रोलरला मी धाव अगदी आरशासारखी करून घेतली, मग आरे (चाकाच्या काड्या) रिव्हेट केले, आणि आसावर चढवून फिरवलं तर चाक लंगडतंय! डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावला तर 0.8 मिमीचा फरक. ट्रॅक्शन इंजिनाच्या (ओढकाम करणाऱ्या वाफेच्या गाडीच्या) चाकावर तिरक्या पट्ट्या असतात, त्यात असा फरक खपून जातो. रोलरची धाव गुळगुळीत, तिथे लपवायला जागाच नाही. ती चाकं शेवटी भंगारात गेली.

म्हणून धाव 166 वर सोडा. आरे जोडायच्या आतल्या दोन रिंगा बसवा, तुंबा (चाकाचा मधला भाग) ब्रेझ करा, आरे रिव्हेट करा. मग तुंब्याचं भोक रीम करून (रीमरने नेमक्या मापाचं करून) चाक मँड्रेलवर, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर, चढवा आणि लेथच्या दोन टोकदार सेंटरमध्ये धरून बाहेरचा कट घ्या. फिरवणारा बोल्ट तुंब्याला नको, धावेजवळच्या आऱ्याला टेकवा, नाहीतर आरे पिळतात. एका वेळी 0.1 मिमी. कंटाळा येतो, पण घाई नको.

तुमच्या ड्रॉइंगात 14 आरे आहेत, सात एका रिंगला, सात दुसऱ्या. 360 ला 14 ने भागून कोनमापकाने खुणा करत बसू नका. लेथच्या चेंज गियरमधला (बदलता येणाऱ्या गियरांमधला) 70 दाती गियर स्पिंडलच्या मागच्या टोकाला अडकवा, दर पाचव्या दाताला पिन टाका, झाले 14 भाग. आरे 2 मिमी पत्र्यातून लेझरवर कापून घ्या. इथे कोल्हापूरला उद्यमनगरात असली किरकोळ कामं करून देणारे मिळतात, तुमच्या गावातही असतील.

पुढचा रोल अखंड करू नका. मूळ यंत्रातही तो दोन तुकड्यांत आहे. वळताना बाहेरच्या अर्ध्याला जास्त अंतर कापावं लागतं; अखंड असला तर रस्ता खरवडत जातो. प्रत्येक अर्ध्याला स्वतःचा गनमेटल (एक प्रकारचं कांसं) बुश द्या, मध्ये अर्धा मिमी फट पुरे. रुंदी ठरवताना मागच्या दोन चाकांमधली मोकळी जागा मोजा, पुढचा रोल तिच्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा जास्त हवा. मागची चाकं जी पट्टी सोडतात ती पुढच्यानेच दाबायची असते.

रंग आरे आणि तुंब्याला द्या, धावेला नको. ती उघडीच शोभते. फक्त आमच्याकडच्या पावसात एका रात्रीत गंज धरते, तेव्हा काम संपलं की मशीन ऑइलचा बोळा फिरवून ठेवा.