‘होईल सगळं ठीक’ म्हणजे आशा नव्हे

प्रश्न : माझे वय ६१ आहे. सात महिन्यांपूर्वी माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा झपाट्याने झाली, आता ती फारशी जाणवत नाही. ‘आता काय उरलंय?’ असे म्हणून ते व्यायाम टाळतात. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आशा सोडू नका’ असे सांगून जातो, पण आशा धरायची म्हणजे नेमके काय करायचे? खोटी आशा दाखवणे ही फसवणूक नाही का?

उत्तर : ‘आशा सोडू नका’ असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण सगळे आपोआप ठीक होईल असे मानणे आणि आशा धरणे यांत फरक आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९९१ मध्ये ती मोजण्यासाठी बारा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांच्या मते आशेत तीन गोष्टी एकत्र नांदतात : गाठायचे एखादे ठिकाण, तिथवर जाणाऱ्या एकाहून अधिक वाटा, आणि त्या वाटांवरून आपण चालू शकू ही उमेद. ‘पूर्वीसारखे व्हायचे’ हे ठिकाण यजमानांसमोर आहे, पण आज तिथवर जाणारी वाट दिसत नसल्यामुळे उमेदही खचली आहे. फसवणुकीबद्दलची तुमची शंका योग्यच आहे. जे होईल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, त्याचे वचन देऊ नका; त्यांना मन लावता येईल असे जवळचे ठिकाण शोधा.

हे ठिकाण त्यांनीच निवडले पाहिजे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सदऱ्याची बटणे डाव्या हाताने लावणे, देवघरापर्यंत काठीच्या आधाराने जाणे, चहाचा कप स्वतः धरणे, यांपैकी काय हवे ते त्यांना विचारा. मग फिजिओथेरपिस्टना त्यासाठीचे दोन मार्ग विचारून ठेवा, कारण एक मार्ग अडला की दुसरा हाताशी नसणे हेच बहुतेकदा निराशेचे मूळ असते. झटक्यानंतर सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते आणि पुढे मंदावते, पण ती तिथेच थांबते असे नाही. हेही त्यांना डॉक्टरांच्या तोंडून स्पष्ट ऐकू द्या.

यजमानांचे हातपाय गाळून बसणे हा त्यांचा हट्ट समजू नका. १९६७ च्या सुमारास मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले (आज वाचताना ते क्रूर वाटतात). काही केले तरी न थांबणारे विजेचे झटके सोसलेली बरीच कुत्री, पुढे बुटका अडसर ओलांडून सुटका करून घेता येत असतानाही जागची हलत नव्हती. ती असहायता शिकली, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. मात्र मेंदूच्या पुढील संशोधनानंतर २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिले की आपले मूळ म्हणणे उलटे होते : दीर्घ संकटात निपचित पडणे ही जिवाची न शिकताच आपोआप उमटणारी प्रतिक्रिया आहे, आणि शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने काही बदलते’ हे. त्या कुत्र्यांना पुन्हा पुन्हा ओढून पलीकडे न्यावे लागले, तेव्हा कुठे ती स्वतःहून उडी मारू लागली. म्हणजे हे शिक्षण उपदेशाने होत नाही, अनुभवाने होते. म्हणून बटण लावायला दहा मिनिटे लागली तरी मदतीला हात पुढे करू नका. मायेपोटी केलेली ती मदत त्यांच्याकडून नेमका हाच अनुभव हिरावून घेते.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेल्या साधारण तीनपैकी एकाला नैराश्याचा आजार होतो. झोप, भूक किंवा बोलण्यातला रस गेला असेल, तर हा आशेचा प्रश्न नसून उपचाराचा आहे, आणि उपचार उपलब्ध आहेत. त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेशी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही बोलता येते, आणि सात महिने अखंड शुश्रूषा करणाऱ्या तुम्हीसुद्धा तिथे स्वतःसाठी फोन करू शकता.